वरच्या मजल्यावरचं तापमान

सगळ्यात आधी लायब्ररीतल्या मॅडम. पुढे जे सांगणार आहे ते त्यांच्यामुळे धड झालं, म्हणून त्यांना आधी मांडते. इथल्या एका विद्यापीठाच्या लायब्ररीत वरच्या मजल्यावर एक लहानशी खोली आहे, तिथे त्या बसतात. संशोधन करणारी मुलं जे आकडे आणि मोजमापं गोळा करतात, ते सगळं विद्यापीठाच्या एका खुल्या भांडारात ठेवायचं असतं. म्हणजे मग जगातल्या कुणालाही ते कॉम्प्युटरवर उघडून बघता येतं, उतरवून घेता येतं. त्या भांडाराला रिपॉझिटरी म्हणतात. हा शब्द मला नीट म्हणता यायला बरेच दिवस लागले, अजूनही घाईत अडखळते. तर त्या भांडाराच्या दाराशी या मॅडम. आत काय जाईल, कसं जाईल, ते त्या बघतात. त्यांचं नाव मी लिहीत नाही. नाव न घेताही माणसाबद्दल खरं सांगता येतं, हे मी त्यांच्याकडूनच शिकले.

माझी शाळा नववीत सुटली. यवतमाळकडच्या आमच्या गावात पुढच्या शाळेसाठी बसने जावं लागायचं. आई आजारी पडली, घरात मी मोठी, आणि मग बस माझ्याशिवाय जायला लागली. लग्न झालं, यांना सरकारी कंपनीत नोकरी लागली, बदली होत होत आम्ही लखनौला आलो आणि इथेच थांबलो. पोरगी इथेच मोठी झाली. मी तिच्याशी मराठीत बोलते, ती मला हिंदीत उत्तर देते, आणि आमचं दोघींचं व्यवस्थित चालतं.

सही करायची वेळ आली की माझ्या हाताला घाम येतो. बँकेत, शाळेत, दवाखान्यात, सगळीकडे. कागद वाचायला मला वेळ लागतो आणि समोरचा माणूस वाट बघत उभा असतो, ते मला सहन होत नाही. पण कणकेत हात गेला की मी कुणालाही घाबरत नाही.

तेलीबागेत, रायबरेली रोडवरून आत आलं की आमचं घर. दुमजली. खाली घरमालकीण राहतात, वर आम्ही. मालकिणीला सगळी गल्ली चाची म्हणते, म्हणून आम्हीही चाची म्हणतो. नवरा गेलेला, मुलगा बेंगळुरूला कॉम्प्युटरच्या नोकरीत. घर भाड्याने देताना त्यांनी एकच अट घातली होती. "पकाइए, खाइए, मेहमान बुलाइए, सब ठीक। बस घर में धंधा नहीं।" आमच्या आधीच्या भाडेकरूने वर शिलाईची मशीनं बसवली होती. दिवसभर छत धडधडायचं. चाचींनी त्याला आठवड्याच्या आत बाहेर काढलं, ही गोष्ट त्यांनी आम्हाला पहिल्याच दिवशी चहाबरोबर ऐकवली.

आणि मी वर डब्यांचं काम सुरू केलं.

ठरवून नाही केलं. यांच्या ऑफिसातल्या एका एकट्या मराठी मुलाला कावीळ झाली, त्याला पथ्याचा डबा दिला. तो बरा झाला तरी डबा सुटेना. त्याने दुसऱ्याला सांगितलं. जवळच्या मोठ्या दवाखान्यात शिकायला आलेल्या मराठी मुली आल्या, मग वृंदावन योजना नावाच्या जवळच्या वसाहतीतल्या दोन घरांतून विचारणा झाली. पोळ्या, वरण, एक भाजी, शेंगदाण्याची चटणी. घरापासून लांब असलेल्या माणसाला याहून जास्त काही लागत नाही, हे मला माझ्यावरून माहीत होतं. पुढे ते काम माझंच झालं. "मी काय करते" या प्रश्नाला माझ्याकडे पहिल्यांदा उत्तर आलं. फक्त ते चाचींसमोर देता येत नव्हतं.

म्हणून लपवालपवी. चाची पूजेला बसल्या की हे दोन पिशव्या घेऊन स्कूटरवरून निघायचे, डबे पोहोचवून तसेच ऑफिसला. फोडणी दार लावून. आणि कुकर तर मी वापरायचंच सोडलं. इतकी डाळ शिजवायची म्हणजे शिट्ट्यांवर शिट्ट्या, खाली ऐकू जाणार. त्यापेक्षा मोठ्या पातेल्यात मंद आचेवर तासन्‌तास वरण शिजवायचं. गॅस जास्त जायचा, स्वयंपाकघर भट्टीसारखं व्हायचं, पण आवाज नाही.

अशात तो मुलगा आला. पीएचडी करणारा, सडसडीत, पाठीवर भलीमोठी बॅग. उन्हाळ्यात एकाच घराचा खालचा मजला किती तापतो आणि वरचा किती, हे त्याला मोजायचं होतं. चाचींना त्याचं बोलणं आवडलं. त्यांच्या बैठकीत त्याने साबणाच्या वडीएवढी पांढरी डबी लावली, आणि वर आमच्या स्वयंपाकघरात दुसरी, कारण ते बरोबर गच्चीच्या स्लॅबखाली येतं. ती डबी थोड्या थोड्या वेळाने आपोआप तापमान टिपून ठेवणार. त्याने एक कागद हिंदीत वाचून दाखवला. "आंटी, नाम-पता कहीं नहीं आएगा," म्हणाला. चाचींनी सही केली होती, त्यांच्या सहीखाली मीही केली. नाही म्हटलं असतं तर का, ते सांगावं लागलं असतं.

डबी लागली आणि मी तिला विसरले. मे महिन्यात एका सकाळी तव्यापुढे उभी असताना माझ्या डोळ्यांपुढे अंधारी आली. गॅस कसाबसा बंद केला आणि फरशीवर बसले. एक पोळी तव्यावरच राहिली. त्या दिवशी अर्ध्या लोकांना डबा गेला नाही. घरात सांगितलं, पीठ कमी पडलं.

पावसाळा सरता सरता तो मुलगा डब्या काढायला आला. आमच्याच स्वयंपाकघरात खाली बसून त्याने लॅपटॉप उघडला. मी चहा ठेवला होता.

"आंटी, चाय बाद में। एक बात बताइए, ये डिबिया आपने उठाकर चूल्हे के ऊपर तो नहीं टाँग दी थी?"

"नहीं भैया। जहाँ आप टाँग गए थे, वहीं है।"

"तो फिर ये क्या है?"

मी वाकून बघितलं. पडद्यावर एक रेघ होती, चढणारी, उतरणारी. शाळेत आलेख आला तेव्हा मी शाळेत नव्हते बहुतेक. पण ही रेघ मला कळली. उजाडायच्या आधीचा तो उभा चढ म्हणजे माझ्या पोळ्या. मग जरा उतार, तेव्हा डबे भरते. मग लांबलचक टेकाड, ते वरण. संध्याकाळी पुन्हा तसंच. रविवारी रेघ सपाट, इतरांच्या घरासारखी. माझं सगळं काम त्या रेघेने चहाडी करावी तसं सांगितलं होतं.

"किसी घर में ऐसा नहीं आया," तो म्हणाला. "खैर, आपका ही घर आख़िरी था, आज जैसा है वैसा ही चढ़ा दूँगा। यूनिवर्सिटी की साइट पर खुला रहेगा, जिसे देखना हो देखे।"

तेवढ्यात चाची जिना चढून आल्या. "हमारा भी तो दिखाओ। हमारी बैठक कितनी गरम निकली?"

"चाची, साइट पर सब देख लीजिएगा। वहाँ नाम की जगह नंबर है, डिबिया पर जो लिखा है वही, दोनों मंज़िलों का एक ही। आपका नीचे वाला, आंटी का ऊपर वाला।"

"अरे वाह। लिंक हमारे बेटे को भेज देना। वो दिन भर यही सब तो देखता है।" मग माझ्याकडे वळून, "सुना? अब हमारा घर पूरी दुनिया देखेगी।"

मी चहात साखर घातली की नाही, आठवत नाही. त्या मुलाने निमूट प्यायला.

संध्याकाळी यांना सांगितलं. हे म्हणाले, "चाची काय ती रेघ वाचत बसणार आहेत का?"

"त्यांचा मुलगा वाचेल."

"मग म्हणायचं, मशीन बिघडली होती."

पोरगी अभ्यास करत होती. मान वर न करता म्हणाली, "पापा, तो मशीन हर संडे को ठीक कैसे हो जाती थी?"

यांनी हातातला पेपर घडी करून ठेवला. मग म्हणाले, "दुसरं घर बघायचं का?" त्यांनी ते सहज म्हटलं, पण मला एकदम रिकाम्या भिंती दिसल्या. तेलीबागेत ओळखी झाल्या होत्या, पोरीचं कॉलेज जवळ होतं. आणि दुसरं घर म्हणजे दुसरी मालकीण, तीच अट. डबे बंद करणं एवढंच उरत होतं. मी रात्रीचं वाढायला उठले तेव्हा पोरगी मागे आली. "मम्मी, उस भैया को फोन करो ना।"

केला. तो म्हणाला, "आंटी, मेरे हाथ से तो निकल गया। जमा कर दिया है। अब लाइब्रेरी में एक मैडम चेक करेंगी, फिर पब्लिश होगा। पर हुआ क्या?"

मी म्हटलं, काही नाही, असंच.

"तो लाइब्रेरी चलते हैं," पोरगी म्हणाली. "ज़्यादा से ज़्यादा मना करेंगे।"

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी निघालो. टेम्पो बदलत, गोमतीचा पूल ओलांडून. मी एक डबा बरोबर घेतला होता. कुणाकडे काम घेऊन जायचं आणि हात रिकामे, हे मला जमत नाही. पोरगी वाटेत म्हणाली, "रिश्वत है क्या?" मी म्हटलं, "भाजी-पोळी आहे."

लायब्ररीच्या काउंटरवरच्या माणसाने माझ्या पिशवीकडे बघितलं. "किताब वापस करनी है?"

"नहीं।"

"तो लेनी है?"

"नहीं। वो जो डेटा देखती हैं, उन मैडम से मिलना है।"

"कौन से डिपार्टमेंट से हैं आप?"

पोरगी म्हणाली, "तेलीबाग से।" तो माणूस हसला आणि त्याने जिना दाखवला.

मॅडम माझ्या अंदाजापेक्षा खूप लहान होत्या, तिशीच्या आसपास. खोलीत दोन कॉम्प्युटर, खिडकीत एक कुंडी. आम्ही दारातच उभ्या. पोरीने सांगितलं की आम्ही त्या गरमीच्या अभ्यासातल्या घरातून आलोय. मॅडम उठल्या. उठल्या, हे मला अजून आठवतं. खुर्ची पुढे ओढून म्हणाल्या, "बैठिए। तो ये आपका डेटा है।"

मी म्हटलं, "नहीं मैडम, डेटा तो भैया का है।"

"भैया ने इकट्ठा किया है। रसोई तो आपकी है ना? बैठिए।"

मग मी बसले. त्यांनी पडदा माझ्याकडे वळवला आणि विचारलं, "पहले ये बताइए, डर किस बात का है?"

मला वाटलं होतं, त्या कागद मागतील, अर्ज लिहा म्हणतील. या प्रश्नाची मी तयारीच केली नव्हती. अर्धं मी सांगितलं, अर्धं पोरीने. चाचींची अट, डबे, दोन मजल्यांचा एकच नंबर, बेंगळुरूचा मुलगा. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी ती रेघ मोठी केली आणि बोट ठेवलं.

"अच्छा। तो ये पहाड़ रोटियाँ हैं।"

"जी।"

"और ये चपटा वाला इतवार।"

"जी। छुट्टी।"

"और यहाँ? यहाँ चढ़ते-चढ़ते बीच में ही कट गया।"

मे महिन्यातली ती सकाळ. मॅडमनी बोट तिथेच ठेवलं, त्यांना घाई नव्हती. शेवटी मी म्हटलं, "उस दिन चक्कर आ गया था। गर्मी से।"

पोरीने माझ्याकडे बघितलं. "तू सांगितलं का नाहीस?" ती मराठीत म्हणाली. कितीतरी दिवसांनी. मी तिच्या हातावर हात ठेवला.

मॅडमनी पडदा परत आपल्याकडे वळवला. "देखिए, इसमें नाम नहीं है, पता नहीं है। इसलिए सबको लगा कि ठीक है। मैं भी शायद पास कर देती। लेकिन नीचे वाली को अपना नंबर मालूम है, तो ऊपर वाला घर अपने आप खुल गया। नाम हटाने से कुछ नहीं हुआ।" मग त्यांनी कुठेतरी एकदा दाबलं. "मैंने इसे वापस भेज दिया है, सुधार के लिए। जब तक मैं न कहूँ, बाहर नहीं जाएगा।"

एवढंच. एक बटण. खरंच सांगते, मला तिथे भूक लागली.

त्यांनी त्या मुलाला फोन करून बोलावलं. तो विद्यापीठातच होता, धापा टाकत आला. मला बघून चकित झाला. मॅडमनी त्याला थोडक्यात सांगितलं. त्याचं तोंड उतरलं.

"आंटी, मुझे बता देतीं।"

"तुम्हें बताती तो तुम लिख लेते, भैया।"

पोरगी फिसकन हसली. त्याचे कान लाल झाले. खरं तर त्याची काही चूक नव्हती, आणि बिचारा त्या दिवशी बिनसाखरेचा चहाही निमूट प्यायला होता.

पण त्याचीही अडचण होती. खालचा मजला आणि वरचा मजला यांची जोडी हाच त्याचा अभ्यास. दोन्हींचे नंबर वेगळे केले तर कुठलं वरचं घर कुठल्या खालच्या घराचं, ते कुणालाच कळणार नाही. "जोड़ी टूट गई तो बचेगा क्या, मैम? गाइड मुझे मार डालेंगे।"

"तो इनका ऊपर वाला हिस्सा धुँधला कर दें?" तो थोड्या वेळाने म्हणाला. "सिर्फ इनका।"

"सिर्फ इनका छुपाओगे तो छुपाया हुआ दिखेगा," मॅडम म्हणाल्या. "फिर तो हर कोई पूछेगा कि इसी घर में क्या है।"

हे मला पटलं. मी स्वतः कुकरची शिट्टी बंद केली होती, पण ते कुणाच्या लक्षात येईल असं तेव्हा माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

मग त्या दोघांचं बरंच बोलणं झालं, इंग्रजीही मधे मधे. मॅडम दर थोड्या वेळाने थांबून मला हिंदीत सांगायच्या, तो मुलगा थांबलेला असला तरी. ठरलं ते असं. जोड्या तशाच राहतील. पण खुल्या भांडारात, सगळ्याच घरांचं, दिवसाचं फक्त सगळ्यात जास्त आणि सगळ्यात कमी तापमान ठेवायचं. कधी चढलं, कधी उतरलं, किती वेळ तसं राहिलं, हे नाही. ती पूर्ण रेघ कुलपात. कुणाला अभ्यासासाठी हवीच असेल तर त्याने कारण लिहून मागायची, घरं ओळखणार नाही असं कबूल करायचं, मग विचार होईल.

"और एक बात," मॅडम मला म्हणाल्या. "आप चाहें तो अपनी रसोई का पूरा डेटा निकलवा भी सकती हैं। वजह बताने की ज़रूरत नहीं। जिस काग़ज़ पर आपने दस्तख़त किए थे, उसी पर लिखा है।"

मी तो कागद तिथवर ऐकलाच नव्हता. मुलगा आपल्या बुटांकडे बघत होता. माझ्या एका शब्दावर त्याच्या जोड्यांमधली एक कमी झाली असती. आणि माझं तर सगळंच मिटलं असतं, नंबर नाही, रेघ नाही, काही नाही. हो म्हणायला तोंड उघडलंही होतं. पण मग ती फरशी आठवली, तिचा गारवासुद्धा नव्हता त्या दिवशी. तव्यावर करपणारी पोळी आठवली. ते कुणालाच माहीत नव्हतं, आणि ते कुठेतरी लिहिलेलं असावं असं मला वाटत होतं, हे मला तिथे बसल्यावर कळलं.

"रहने दीजिए," मी म्हटलं. "छत के नीचे कितना तपता है, ये लोगों को मालूम होना चाहिए। बस किसका घर है, वो नहीं।"

"इसी के लिए तो हम यहाँ बैठते हैं," मॅडम म्हणाल्या.

डबा मी टेबलावर ठेवला. तिथे खायची परवानगी नव्हती, म्हणून त्या आम्हाला मागच्या गॅलरीत घेऊन गेल्या. मॅडम डोंगराकडच्या, लखनौत एकट्याच, जानकीपुरमला पेइंग गेस्ट. "वहाँ की रोटी मुँह में घूमती रहती है, नीचे नहीं उतरती," म्हणाल्या. चटणी कशाची, ते दोनदा विचारलं. जास्त मात्र त्या मुलानेच खाल्लं. निघताना मी म्हटलं, "मैडम, आपका डिब्बा भी शुरू कर दूँ? जानकीपुरम दूर है, पर कुछ जुगाड़ कर लेंगे।" त्या म्हणाल्या, "अभी नहीं। आपका काम मेरे पास है ना। काम के बदले मैं कुछ नहीं लेती। आज का तो मेहमानी का था।" खाऊन रिकामा झालेला डबा त्यांनी स्वतः धुऊन माझ्या हातात दिला.

गाइडने थोडी कुरकुर केली म्हणे, मग हो म्हटलं. काही आठवड्यांनी तो डेटा भांडारात आला. मला कसं कळलं? खालून हाक आली.

"ज़रा नीचे आना तो।"

मी हात पुसत गेले. मॅडमवर विश्वास होता, तरी जिन्यात दोनदा थांबले. चाची बैठकीत चष्मा लावून मोबाईलमध्ये बघत होत्या. त्यांच्या मुलाने लिंक उघडून त्यात आमचा नंबर शोधून पाठवला होता.

"देखो। ये हम हैं, नीचे। और ये तुम।"

आकडे होते. नुसते आकडे. दिवस, जास्त, कमी. दिवस, जास्त, कमी. रेघ कुठेच नव्हती. मी सगळं खालपर्यंत सरकवून बघितलं, चाचींना वाटलं असेल मला फार आवड आहे.

"तुम्हारे यहाँ तो भट्ठी है," चाची म्हणाल्या.

मी मोबाईल त्यांच्या हातात परत दिला.

"इतनी गर्मी में रहते हो तुम लोग, और हमसे कहा तक नहीं। बेटा पूछ रहा था कि ऊपर इतना ज़्यादा क्यों है। हमने कह दिया, छत है, धूप सीधी पड़ती है, और क्या।" त्यांनी चष्मा काढला. "गर्मी से पहले छत पर चूना पुतवा देंगे। सफ़ेद रहेगी तो कम तपेगी।"

"जी चाची।"

मी जिन्याशी पोहोचले तेव्हा मागून आवाज आला. "और सुनो। दाल कुकर में पकाया करो। पतीले में इतनी देर गैस जलेगी तो गर्मी होगी ही।"

मी वळून बघितलं. त्या परत मोबाईलमध्ये बघत होत्या.

"सीटी से हमें कोई दिक़्क़त नहीं है," त्या म्हणाल्या. "जिस घर में इतने बरस से एक सीटी न बजी हो, उससे ज़्यादा दिक़्क़त होती है।"

वर येऊन मी खुर्चीत बसले आणि हसायला लागले. पोरगी धावत आली, तिला वाटलं रडतेय. थोडं तेही होतं.

चाचींना माहीत होतं. किती दिवसांपासून, ते देव जाणे. खालून वास येत असणार, स्कूटरवरच्या पिशव्या दिसत असणार, पूजा काही कान बंद करून करत नाहीत. त्यांनी माहीत नसल्यासारखं चालवून घेतलं होतं. पण ती रेघ त्यांच्या मुलासमोर आली असती, "मम्मी, ऊपर वाले होटल चला रहे हैं क्या" असं त्याने फोनवर विचारलं असतं, तर चाचींना काहीतरी करावंच लागलं असतं. स्वतःची अट, स्वतःचा शब्द. "छत है" असं मग म्हणता आलं नसतं. माहीत असूनही गप्प राहायला माणसाला थोडी जागा लागते. ती जागा मॅडमनी एका बटणाने राखून ठेवली. त्यांनी चाचींना कधी बघितलंही नव्हतं.

आता कुकर लावते. पहिल्या दिवशी शिट्टी झाली तेव्हा मीच दचकले. उन्हाळ्याआधी गच्चीला खरंच चुना लागला. भट्टी आहेच, पण मी खिडकीत एक पंखा लावलाय, आणि पोरगी सकाळी उठून पोळ्या लाटायला येते, नको म्हटलं तरी. लाटताना हिंदीतच बोलते.

मॅडमना मी नंतर एकदाच भेटले, तेही त्या मुलाच्या कामानिमित्त. त्यांनी डबा तेव्हाही घेतला नाही. म्हणून इथे लिहून ठेवते. मॅडम, कधीतरी आमचं स्वतःचं घर होईल. लहान का असेना, खालचा मजला का असेना, पण ज्याच्या दारावर डबे मिळतील अशी पाटी लावता येईल असं. त्या दिवशी माझं तुमच्याकडे काही काम नसेल, म्हणजे नियमही आड येणार नाही. तुम्ही यायचं. तव्यावरची पहिली पोळी तुमच्या ताटात पडेल, चटणी हवी तेवढी. आणि मग ती पांढरी डबी माझ्या स्वयंपाकघरात पुन्हा लावा, पूर्ण रेघ घ्या, कधी चढली, कधी उतरली, सगळी. खुल्या भांडारात ठेवा. वर माझं नाव घाला.